लिहिणाऱ्याचा हक्क

खर्डी हे शहापूर तालुक्यातील एक गाव आहे. कसाऱ्याकडे जाणारी लोकलगाडी येथे थांबते. समजा, या गावातील नववीच्या एका मुलीने आपल्या गावच्या पावसावर लेख लिहिला. भातलावणी, धुक्यातून येणारी गाडी, चिखल तुडवत शाळेला निघालेली मुले, हे सारे तिने स्वतः पाहिले होते. तिच्या भावाने तो लेख इंटरनेटवर टाकला. महिन्याभराने तोच लेख तिला दुसऱ्या ठिकाणी दिसला. शब्द तिचेच, स्वल्पविरामसुद्धा तिचेच. खाली नाव मात्र भलत्याचेच!

"भाईजान, आता हा लेख माझा राहिला नाही का?" तिने विचारले.

"अगं, इंटरनेटवर टाकले की ते सगळ्यांचेच होते," भाऊ म्हणाला.

पुष्कळ लोकांना असेच वाटते. पण ते खरे नाही. शेत रस्त्यालगत असले, म्हणून वाटसरूने पीक कापून न्यायचे नसते.

आपल्या देशात यासाठी 1957 सालचा कॉपीराइट कायदा आहे. कॉपीराइटला मराठीत स्वामित्वहक्क म्हणतात. यातील 'हक्क' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतील 'हक' तो हाच. लेख कागदावर उतरला, की त्याच क्षणी हा हक्क लिहिणाऱ्याला मिळतो. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही की पैसे भरावे लागत नाहीत. नोंदणीची सोय आहे, पण सक्ती नाही. वयाची अटही नाही. 1994 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि लेखन इलेक्ट्रॉनिक साधनांनी साठवणे हेही प्रत काढणेच ठरले. म्हणजे वहीतला लेख आणि पडद्यावरचा लेख यांत कायदा भेद करत नाही.

मग त्या मुलीने काय करावे? आपली मूळ वही आणि लेख प्रथम टाकल्याची तारीख जपून ठेवावी. ज्या संस्थेच्या जागेवर चोरलेला लेख साठवला आहे, तिच्याकडे घरच्या मोठ्या माणसांच्या मदतीने लेखी तक्रार करावी. 2013 सालच्या नियमांनुसार, तक्रारीतील माहिती पुरेशी असेल, तर त्या संस्थेने 36 तासांत तो लेख लोकांना दिसणार नाही असे करायचे असते. पुढे 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर संस्था तो लेख पुन्हा दाखवू शकते. गरिबाला ही दुसरी पायरी अवघडच आहे. जाणूनबुजून चोरी करणाऱ्याला मात्र तुरुंगवास आणि दंड या दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पण खर्डीचा पाऊस काही त्या मुलीच्या मालकीचा नाही! त्यावर कोणीही लिहावे. कायदा विषयाला कुंपण घालत नाही. ज्या शब्दांत तो मांडला, त्या शब्दांचे रक्षण करतो. शिकवताना शिक्षकांनी किंवा शिकताना विद्यार्थ्याने उतारा उतरून घेतला, तर तीही चोरी होत नाही.

नावाची काळजी कायद्याच्या पूर्वीपासूनची आहे. गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपले तखल्लुस गुंफतो. संत तुकारामही अभंगाच्या शेवटी आपले नाव घालत. दुसऱ्याचा शेर आपला म्हणून सांगणे याला उर्दूत 'सरका' म्हणतात; मराठीत 'वाङ्मयचौर्य'. रचणारा आणि लेखणी धरणारा हेही नेहमी एक नसतात. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या गात आणि घरची माणसे लिहून घेत. 1951 साली त्या वारल्या व पुढच्या वर्षी त्यांची गाणी छापली गेली. लेखणी दुसऱ्यांची होती, पण कवयित्री म्हणून नाव बहिणाबाईंचेच लागले.

हा हक्क कायमचा नसतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे 60 वर्षे तो त्याच्या वारसांकडे राहतो. पूर्वी ही मुदत 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर 1941 साली वारले. त्यांच्या लेखनाचे हक्क विश्वभारती या संस्थेकडे होते. 50 वर्षे संपत आली, तेव्हा मुदत वाढवण्याची मागणी झाली आणि ती दहा वर्षांनी वाढली.

खर्डीहून रेल्वेने कसारा घाट चढून गेले, की पुढे नाशिक लागते. तेथील तुरुंगात साने गुरुजींनी 1933 साली 'श्यामची आई' हे पुस्तक लिहिले. गुरुजी 1950 साली वारले. त्यामुळे 1 जानेवारी 2011 पासून ते पुस्तक कोणालाही छापता येते, इंटरनेटवरही ठेवता येते. लेखक म्हणून नाव मात्र गुरुजींचेच राहील. तुम्ही आज त्याचा उर्दूत अनुवाद केलात, तर कोणाची परवानगी लागणार नाही. आणि त्या अनुवादाचा स्वामित्वहक्क तुमचा असेल.

स्वाध्याय
1. भावाचे म्हणणे चूक का होते?
2. खर्डीच्या पावसावर दुसऱ्या मुलाने लेख लिहिला, तर ती चोरी होईल का? तुमचे मत लिहा.
3. तुम्हांला आवडणाऱ्या एका शायराचे मूळ नाव व तखल्लुस शोधून लिहा.