आकडा कोणत्या रकान्यात गेला?

गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी मोठी गर्दी असते. बायामाणसे किटल्या घेऊन रांगेत उभी असतात. टेबलावर संगणक असतो. काही केंद्रांत काटा आणि फॅट मोजण्याचे यंत्र संगणकालाच जोडलेले असते. जेथे तसे नसते, तेथे लेखनिक कीबोर्डावर बोटांनी आकडे घालतो. अशाच एका केंद्रावर घडलेली हकीकत आम्ही सांगतो.

आमच्या साक्षरता वर्गात एक बाई येत. घरी एकच म्हैस. केंद्रातला त्यांचा सभासद क्रमांक 14. त्या दिवशी त्यांनी 4 लिटर दूध घातले. फॅट लागली 6.5. लेखनिकाने भराभर आकडे घातले आणि पावती हातात दिली. पूर्वी बाई पावती तशीच कनवटीला लावीत. आता त्या आकडे वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी पावती उलगडून पाहिली. क्रमांक होता 13. दूध 14 लिटर. फॅट 4.

बाई म्हणाल्या, "अहो दादा, ही पावती माझी नव्हं. माझा नंबर चौदा. आन् माझी म्हस चौदा लिटर दूध देती व्हय?"

लेखनिक गोंधळला. तो म्हणाला, "मी तर बरोबर घातलं होतं, मावशी!"

तो खोटे बोलत नव्हता. त्याची बोटे चुकली नव्हती. त्याने 14, मग 4, मग 6.5 हेच आकडे घातले होते. मग चूक झाली कशी? ते आपण पाहू.

शेताला पाणी देताना पाट एकच असतो, वाफे पुष्कळ असतात. ज्या वाफ्याचे दार उघडे, त्यातच पाणी जाते. संगणकाचेही तसेच आहे. कीबोर्ड एक आणि पडद्यावरचे रकाने अनेक. एका वेळी एकाच रकान्याचे दार उघडे असते. आपण टाइप केलेले सारे त्यातच पडते. या उघड्या दाराला संगणकवाले 'फोकस' म्हणतात.

फोकस कोठे आहे हे कसे ओळखावे? लिहिण्याच्या रकान्यात एक बारीक उभी रेघ लुकलुकते. तिला बहुतेक लोक कर्सर म्हणतात. फोकस बटणावर असेल, तर बटणाभोवती ठिपक्यांची किंवा ठळक रेघ दिसते. टॅबची कळ दाबली की फोकस पुढच्या रकान्यात जातो. शिफ्ट धरून टॅब दाबली की मागे येतो.

आता केंद्रावरची चूक उलगडू. त्या पडद्यावर क्रमाने तीन रकाने होते: सभासद क्रमांक, लिटर आणि फॅट. त्यांच्यापुढे 'नोंद करा' हे बटण. 13 क्रमांकाच्या सभासदाची नोंद झाल्यावर फोकस परत पहिल्या रकान्यात यायला हवा होता. तो लिटरच्या रकान्यात येऊन थांबला. जुना 13 हा आकडाही तसाच राहिला. लेखनिकाची नजर काट्यावर होती. पडद्यावरची बारीक रेघ त्याला दिसली नाही. त्याने 14 दाबले, ते लिटरमध्ये गेले. टॅब दाबून 4 दाबले, ते फॅटमध्ये गेले. पुन्हा टॅब दाबल्यावर फोकस बटणावर आला. बटणात आकडे लिहिता येत नाहीत, म्हणून 6.5 कोठेच उमटले नाही. शेवटी एंटर दाबताच बटण दाबले गेले आणि खोटी नोंद झाली. संगणकानेही हरकत घेतली नाही. कारण 14 लिटर आणि 4 फॅट हे आकडे गाईच्या दुधाचे म्हणून अगदी खरे वाटतात.

बाईंनी पावती वाचली म्हणून चूक तिथल्या तिथे सुधारली. न वाचती तर त्यांचे दूध दुसऱ्याच्या खात्यावर गेले असते.

मग दोष एकट्या लेखनिकाचा का? आम्हाला तसे वाटत नाही. गर्दीच्या वेळी बारीक रेघ हुडकीत बसायला कोणाला सवड असते? असे फॉर्म तयार करणारांनीच काळजी घ्यावयास हवी.

पहिली गोष्ट, उघडा रकाना दुरून ओळखू यावा. त्याची कड जाड करावी, आतला रंगही बदलावा. नुसत्या रंगावर विसंबू नये, कारण काहींना लाल-हिरवा भेद कळत नाही. दुसरी गोष्ट, फोकस वरून खाली, ओळीने जावा. त्याने मध्येच उडी मारू नये. तिसरी गोष्ट, नोंद झाली की जुने आकडे पुसून फोकस पहिल्या रकान्यात आणावा. चौथी गोष्ट, आकडा चुकला तर फोकस त्याच रकान्यात न्यावा आणि काय चुकले ते शब्दांत सांगावे.

जगातील वेबपानांसाठी जे नियम आहेत, त्यांत 2008 सालापासून असे सांगितले आहे की, कीबोर्डाने काम करणाराला फोकस डोळ्यांनी दिसला पाहिजे. 2023 साली त्यांत भर पडली की, फोकस असलेली जागा दुसऱ्या कशाखाली पुरती झाकली जाऊ नये. संगणकावरच्या इतर फॉर्मांनाही हे तत्त्व तितकेच लागू पडते.

ज्यांना दिसत नाही, त्यांना तर फोकसचाच आधार असतो. 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' नावाचा कार्यक्रम लिहावयास घेतला. तो विनामूल्य मिळतो. फोकस ज्या रकान्यात जाईल, त्याचे नाव तो मोठ्याने वाचून दाखवतो. पण फॉर्म करणाराने रकान्याला नावच जोडले नसेल, तर तो बिचारा काय वाचणार?

आपणही तीन सवयी लावून घेऊ. लिहिण्याआधी कर्सर कोठे आहे ते पाहावे. पहिला आकडा घालताच पडद्याकडे नजर टाकावी. आणि एंटर दाबण्यापूर्वी सारे एकदा वाचावे. टेबलाच्या अलीकडे उभे असलो, तर पावती वाचल्याशिवाय पाऊल उचलू नये.

करून पाहा
संगणकावर कोणताही फॉर्म उघडा. माऊसला हात लावू नका. टॅब दाबत जा आणि फोकस कोठे कोठे जातो ते बोटाने दाखवा.

प्रश्न
1. बाईंना चूक कशावरून कळली?
2. 6.5 हा आकडा कोठेच का उमटला नाही?
3. फोकस मागे आणावयाचा तर कोणत्या दोन कळा दाबाव्या?
4. उघडा रकाना दाखवण्यास नुसता रंग का पुरत नाही?