लहान पार्सरांची जोडणी

वाक्याचें व्याकरण चालवितांना आपण कर्ता, कर्म, क्रियापद वेगळीं करितों. संगणकासही मजकूर समजण्याकरितां असेंच पृथक्करण करावें लागतें. तें करणाऱ्या प्रोग्रामास पार्सर म्हणतात. हास्केल या फंक्शनल भाषेंत तो कसा रचितात, हें शिकतांना आम्हांस जें उमगलें, तें येथें थोडक्यांत देतों.

या रीतींत पार्सर म्हणजे एक फंक्शनच होय. त्यास मजकूर द्यावा. तो आरंभींचा आपणांस कळणारा भाग उचलतो, आणि वाचलेलें मूल्य व उरलेला मजकूर परत देतो. 'अंक' या पार्सरास '४७+२' दिलें, तर तो ४ आणि '७+२' देईल. '+२' दिलें, तर अपयश कळवील. अपयश म्हणजे उत्तरांची रिकामी यादी, ही युक्ति फिलिप वॉडलर यांनीं १९८५ सालीं मांडली.

लहान पार्सर सांधणाऱ्या फंक्शनांस कॉम्बिनेटर म्हणतात. त्यांत मुख्य तीन: एकामागून दुसरा चालविणारा 'नंतर', पहिला फसल्यास दुसरा योजणारा 'अथवा', आणि जमेल तितक्या वेळां तोच चालविणारा 'पुनःपुन्हा'. एक अंक, नंतर पुनःपुन्हा अंक, कीं झाली संख्या! जोडून झालेली वस्तूही पार्सरच असते, म्हणून ती पुन्हा जोडतां येते. या रीतीचें मर्म हेंच.

आतां आमची चूक सांगतों. वजाबाकीसाठीं आम्हीं नियम लिहिला: 'पदावली म्हणजे संख्या, नंतर वजाचिन्ह, नंतर पदावली, अथवा नुसती संख्या.' '८−३−२' दिल्यावर उत्तर ७ आलें! प्रत्येक चिन्ह बरोबर वाचलें गेलें होतें, परंतु गट ८−(३−२) असा पडला होता. नियमांत 'पदावली' आधीं घातली, तों पार्सर एकही अक्षर न वाचतां स्वतःसच हांक मारीत राहिला, उत्तर येईचना. अखेर असें केलें: एक संख्या, नंतर पुनःपुन्हा 'वजाचिन्ह व संख्या', आणि मिळालेल्या संख्या डावीकडून क्रमानें वजा केल्या. ८ तून ३ गेले, ५ राहिले. ५ तून २ गेले, ३ राहिले. उत्तर बरोबर आलें.

विद्यार्थ्यांनीं ८÷४÷२ ही पदावली दोन्ही प्रकारें गट पाडून सोडवावी. एकदां १ येईल, एकदां ४. अक्षरें वाचतां येणें निराळें आणि त्यांचा अर्थ बरोबर लागणें निराळें, ही गोष्ट संगणकाप्रमाणें आम्हांसही लागू आहे.