शेतकऱ्याच्या मनाला माणसांचा आधार

शेतकरी डॉक्टरकडे येतो तो पित्त, पाठदुखी किंवा झोप लागत नाही म्हणून. मन खचलंय, असं तो सहसा सांगत नाही. दुबार पेरणी, पडलेले भाव, सावकाराचा तगादा हा ताण खराच; पण त्यात माणूस एकटा पडला की दुखणं बळावतं. देणं थकलं की तो पारावर बसणं टाळतो, लग्नकार्याला जात नाही. माणसं तुटली की ‘आता आपल्याच्यानं काही होणार नाही’ हा विचार घट्ट होत जातो.

यावर उपाय आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘संगत’ संस्थेनं ‘विश्राम’ हा उपक्रम राबवला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, खचलेल्यांना धीर दिला, गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत नेलं. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

आत्मविश्वास मात्र उपदेशानं येत नाही. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली दाखवून दिलं, की तो मुख्यतः स्वतः तडीस नेलेल्या कामातून आणि आपल्यासारख्याला जमलेलं पाहून वाढतो. म्हणून ‘हिंमत धर’ म्हणण्याऐवजी सोबत बसून एक काम पुरं करा: कर्जाचा हिशेब कागदावर मांडा किंवा पीकविम्याचा अर्ज भरा.

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत राहून ज्यांचे भाऊबंद गावी शेती करतात, त्यांनी एवढं जरूर करावं:

• आठवड्यातून एकदा तरी बोला. निम्मा वेळ फक्त ऐका.

• दोन आठवडे झोप-भूक उडाली, दारू वाढली, कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

• ‘माझ्यामागं मुलांकडे बघा’ अशी निरवानिरवीची भाषा आली, तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका. कीटकनाशकं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

• १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळा आहे. तिथं जाण्यात कमीपणा नाही.

आज गावी बोलाल तेव्हा पिकाच्या आधी झोपेची चौकशी करा.