चकमकीची बंदूक आणि असईची लढाई

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांची जनरल वेलस्ली याच्या इंग्रजी फौजेशी लढाई झाली. उभय पक्षांच्या कवायती पायदळाचे मुख्य हत्यार एकच होते : चकमकीची बंदूक.

जुन्या तोड्याच्या बंदुकीसाठी पेटता तोडा सतत जवळ बाळगावा लागे. चकमकीच्या बंदुकीने ती अडचण दूर केली. चाप ओढताच घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादी पट्टीवर आपटे, ठिणगीने खळगीतील बारीक दारू, म्हणजे रंजक, पेटे आणि कानातून जाळ नळीत शिरे. इंग्रजांच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीची नळी ३९ इंच लांब व पाऊण इंच व्यासाची होती. नळीला आतून पीळ नसल्याने १०० यार्डांपलीकडे नेम भरवशाचा नसे. म्हणून शिपाई रांगेत उभे राहून एकदम बार काढीत. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. मात्र खळगीतील दारू भिजली वा गारगोटी बोथटली की बार फुकट जाई. मग भिस्त संगिनीवर.

असईत शिंद्यांच्या तोफांनी जबर मारा केला आणि लढाईत वेलस्लीची सुमारे १,६०० माणसे ठार वा जखमी झाली. तरीही त्याच्या पायदळाने रांग सावरून संगिनींच्या बळावर त्या तोफा घेतल्या. शिंद्यांच्या कवायती पलटणींचे अनेक इंग्रज अधिकारी मात्र युद्धाच्या तोंडावरच त्यांना सोडून गेले होते. हत्यार तोलामोलाचे असले, तरी ते चालविण्याची विद्या व नेतृत्व परक्यांच्या हाती राहिले, तर ऐन वेळी घात होतो, हाच असईचा धडा होय.