ज्या घरात सारेच विद्यार्थी

शास्त्रपाठ : अनुवाद 6:4-9, लूक 2:41-52, 2 तीमथ्य 1:3-5 व 3:14-17
तोंडपाठासाठी : अनुवाद 6:7



कुटुंब-प्रार्थनेविषयी लिहावयास बसलो असता प्रथम आमच्याच घरातील एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी आम्ही आमच्या मुलाच्या हाती मराठी पवित्र शास्त्र दिले व अध्याय वाचावयास सांगितले. मुलगा तेव्हा सातवीत, तेलुगू माध्यमाच्या शाळेत होता. दोन ओळींतच तो चार वेळा अडखळला. धाकटी बहीण हसली. आम्ही रागावलो, पुस्तक त्याच्या हातून घेतले आणि उरलेला अध्याय स्वतःच मोठ्याने वाचून काढला. प्रार्थना झाली, सर्वांनी आमेन म्हटले.

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेची वेळ झाली की त्याचा गृहपाठ निघू लागला. महिनाभराने आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, तू त्याला वाचायला शिकवलं नाहीस. देवाच्या पुस्तकाला भ्यायला शिकवलंस." मातोश्रींना स्वतःला अक्षरओळख नव्हती. आमच्याजवळ मात्र धर्मशिक्षणाची पदविका होती. त्या दिवशी कोण शिक्षक ठरले आणि कोण विद्यार्थी, हे वाचकांनी समजून घ्यावे.

1. सीमेवरची घरे

जैनथ हे आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गाव. येथून उत्तरेकडे पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. काळी जमीन, कापसाचे पीक, आणि बाजारात एका वाक्यात तेलुगू, मराठी व हिंदी हे या भागाचे रूप आहे. पूर्वी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे भाग आदिलाबादपासून निघून मराठी मुलखात गेले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. 2014 पासून तो तेलंगणात आहे. सीमा नकाशावर सरकल्या, पण चुलीजवळची भाषा त्यांच्याबरोबर सरकली नाही. म्हणून आजही अनेक घरांत आई मराठीत हाक मारते आणि मूल तेलुगूत किंवा इंग्रजीत धडा पाठ करते.

यात वाईट असे काही नाही. तेलुगू ही या राज्याची भाषा आहे, पोटापाण्याची आहे, आणि प्रभूची स्तुती तिच्यातही गोड लागते. अडचण निराळीच आहे. आईवडिलांचे पवित्र शास्त्र मराठी, मुलाची लिपी तेलुगू, आजीला दोन्ही लिपी येत नाहीत, आणि पुस्तक मात्र फळीवर स्वच्छ रुमालात गुंडाळलेले! प्रत्येकाजवळ काहीतरी आहे, पण सर्वांचे मिळून काहीच नाही.

जैनथच्या प्राचीन मंदिरात परमार राजा जगद्देव याच्या काळातील एक संस्कृत शिलालेख आहे. तो सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा आहे. ज्याने तो कोरविला त्याला काहीतरी सांगावयाचे होते. परंतु येणाऱ्या-जाणाऱ्या आम्हा बहुतेकांना तो वाचता येत नाही. आम्ही त्याच्याकडे आदराने पाहतो व पुढे जातो. शिलालेखाच्या बाबतीत ते चालेल, तो वाचणारे विद्वान आहेत. पण आमच्या घरातील पवित्र शास्त्राचे असेच झाले, आदर पुष्कळ आणि वाचन नाही, तर ते वाचावयास बाहेरून कोण येणार?

2. आज्ञा कोणाला दिली आहे?

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकविण्याची आज्ञा आहे हे आपण जाणतो. पण तिचा क्रम पाहा. सहाव्या वचनात देव प्रथम वडील माणसांच्या हृदयाविषयी बोलतो, आणि मग सातव्या वचनात मुलांविषयी. म्हणजे आईबाप हे त्या शाळेतले पहिले विद्यार्थी होत. आणि शाळेच्या वेळा कोणत्या? बैठक, वाट, अंथरूण आणि पहाट. या चारही वेळा घरच्या रोजच्या व्यवहारातल्या आहेत. त्यांत फळा नाही की छडी नाही.

पुढे निर्गम 12:26 व यहोशवा 4:6 येथे आणखी एक गोष्ट दिसते. तेथे धडा मुलाच्या प्रश्नाने सुरू होतो. वल्हांडणाचा विधी पाहून किंवा यार्देनेतून आणलेले धोंडे पाहून मूल विचारते, आणि मग बाप सांगतो. आमच्या घरांत पुष्कळदा उलटे घडते. उत्तरे आम्ही आधीच देऊन टाकतो आणि मुलाने विचारले की "गप्प बस, प्रार्थना चालली आहे" म्हणतो.

लूक 2 मधील नासरेथचे घर तर आम्हाला फारच धीर देते. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता. तो ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता. त्याचे बोलणे योसेफ व मरीया यांना उमगले नाही असे लूक स्पष्ट लिहितो. पण न उमगल्याची मरीयेला लाज वाटली नाही. तिने ते मनात जपून ठेवले. आणि ज्याला अधिक कळत होते तो पुत्र घरी परत जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. ज्या घरी आईपेक्षा मुलाला अधिक अक्षरे येतात त्या घराने हा भाग वारंवार वाचावा. मुलाने आईला कमी लेखू नये, आणि आईने "मला काय कळतं" म्हणून चुलीआड होऊ नये.

3. तीमथ्याचे घर

तीमथ्याचे घरही आमच्यासारखेच सरमिसळ भाषांच्या मुलखात होते. त्याची आई यहूदी व विश्वासणारी, वडील हेल्लेणी (प्रेषितांची कृत्ये 16:1). लुस्त्रातील लोक तर लुकवनी भाषेत बोलत (14:11). म्हणजे रस्त्यावर एक भाषा, बापाची दुसरी आणि शास्त्रांचे घराणे तिसरे! तरीही पौल म्हणतो की या मुलाला बाळपणापासून पवित्र शास्त्रांची ओळख होती, आणि त्याच्या विश्वासाचा माग काढीत तो आजी लोईस व आई युनीके यांच्यापर्यंत जातो. शाळेचे नाव पौल सांगत नाही, आजीचे सांगतो.

4. आपल्या मराठी मंडळीतील दोन उदाहरणे

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले. पुढे वडील वृद्ध झाले तेव्हा आई लक्ष्मीबाईंनी आठ वर्षांच्या रमाला शिकविण्यास सुरुवात केली. दिवसभर घरकाम असे, म्हणून पहाटे मुलीला मायेने उठवून तिचा पाठ घेत. बापाने आईला शिकविले म्हणून आई मुलीला शिकवू शकली. ते घर तेव्हा ख्रिस्ती नव्हते. पण त्या पहाटेच्या पाठांतून जी बुद्धी घडली तिनेच पुढे हिब्रू व ग्रीक शिकून साऱ्या पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1922 साली रमाबाई वारल्या तोवर त्या हेच काम करीत होत्या.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्यांना घरीच शिकविले. पुढे त्याच बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिले, आणि 1919 मध्ये टिळक वारले तेव्हा अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. प्रौढपणी शिकणाऱ्याने लाजू नये, याला आणखी दुसरा पुरावा कशाला हवा?

5. मग करावयाचे काय?

आमच्या घरी जे केले व ज्याचा उपयोग झाला तेवढेच येथे सांगतो.

(अ) प्रथम आम्ही मुलाची क्षमा मागितली, आणि तीही सर्वांसमोर, कारण अपमानही सर्वांसमोर झाला होता. इफिस 6:4 बापांना उद्देशून आहे, ते आम्ही उपदेशात पुष्कळदा वापरले होते. घरी प्रथमच वापरले.

(आ) दोन पवित्र शास्त्रे उघडली, एक मराठी व एक तेलुगू. मुलगा तेलुगूत वाची, आम्ही तेच वचन मराठीत वाचीत असू, आणि मग तो आम्हाला तेलुगू अक्षरे दाखवी. आम्ही अडखळू लागलो तेव्हा तो हसला, आणि आम्हीही हसलो. पंधरा दिवसांनी तो आपण होऊन म्हणाला, "बाबा, आज मराठी मी वाचतो."

(इ) मराठी वाचन त्याला वाटले होते तितके अवघड नव्हते. शाळेतील हिंदीमुळे देवनागरी अक्षरे ओळखीची होती. हिंदीच्या पुस्तकात न भेटणारा 'ळ' त्याच्या तेलुगूत होताच. 'चहा'मधील च वेगळा आणि 'चमचा'मधला वेगळा, हे मात्र त्याने आजीच्या तोंडून ऐकून उचलले. ज्यांना अक्षर येत नाही तेही वाचन शिकवू शकतात ते असे.

(ई) वाचन पाच ते दहा वचनांचे ठेवले, आणि वेळ पंधरा मिनिटांची. वाचून झाल्यावर आजी तीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगे, व मुले ती पुस्तकाशी ताडून पाहत. नहेम्या 8:8 मध्ये लेव्यांनी हेच केले. वाचले आणि लोकांना समजेल असा अर्थही सांगितला.

(उ) शिकणे प्रार्थनेपुरते ठेवले नाही. कापूस विकून आल्यावर वजनाची चिठ्ठी मुलांसमोर ठेवू लागलो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्के हे प्रमाण धरतात. त्याहून जास्त ओलाव्याला, 12 टक्क्यांपर्यंत, त्या मानाने भाव कमी होतो, आणि त्यापुढे माल घेत नाहीत. भाव क्विंटलला 7000 रुपये धरला आणि ओलावा 10 टक्के निघाला, तर दोन टक्क्यांचे 140 रुपये कमी. हा हिशेब मुलीने केला. मग मुलाने विचारले, "लोक वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात, ते पाप आहे का?" त्या रात्री नीतिसूत्रे 11:1 उघडले. खोट्या तराजूवर आम्ही तासभर उपदेश केला असता तरी तो इतका खोल गेला नसता, कारण प्रश्न त्याचा होता आणि कापूस आमचा होता.

एक सावधगिरी सांगावीशी वाटते. नहेम्या 13:24 मध्ये यहूदी मुलांना आपली भाषा बोलता येत नव्हती म्हणून नहेम्याला दुःख झाले. हे वचन घेऊन कोणी मुलांवर मराठीची सक्ती करू नये. नहेम्याचे दुःख मुलांना अश्दोदची भाषा येते म्हणून नव्हते. ज्या भाषेत देवाचे नियम वाचले जात ती त्यांना परकी झाली, हे त्याचे दुःख होते. आमची मुलगी आता शिक्षणासाठी शहरात असते, तेलुगू मंडळीत जाते व तेलुगूतच शास्त्र वाचते. आम्ही त्यात समाधानी आहोत. वचन तिच्याजवळ आहे, आणि सुटीत घरी आली की घरच्या पुस्तकातही तिला वाट सापडते.

मातोश्री आता प्रभूजवळ आहेत. शेवटच्या पावसाळ्यात त्यांना अंथरुणावरून उठवत नव्हते. मुलगा त्यांच्या उशाशी बसून लूकाचा पंधरावा अध्याय मराठीत वाची. अजूनही तो मधून मधून अडखळे. अडखळला की त्या पुढचा शब्द सांगत, कारण साऱ्या गोष्टी त्यांना ऐकून पाठ होत्या. आम्ही दाराशी उभे राहून ऐकत असू. त्या संध्याकाळी घेतलेले पुस्तक आम्ही त्याच्या हाती परत दिले नसते, तर हे वाचन झाले नसते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

पुढील रविवारी वर्गात प्रत्येक मुलाला एवढेच विचारावे : घरी पवित्र शास्त्र कोणत्या भाषेत आहे, ते कोण वाचते, आणि कोणाला वाचता येत नाही? मुलाला लाज वाटेल अशा रीतीने विचारू नये. उत्तरांवरून कोणत्या घराला दुसऱ्या भाषेतील प्रत हवी व कोणत्या घरी जाऊन आठवडाभर सोबत बसावयास हवे हे कळेल. पाठ मुखोद्गत करून आणण्यास सांगताना मुलाने तो घरातील एका वडील माणसालाही शिकवावा असे सांगावे.

चर्चेसाठी प्रश्न

1. अनुवाद 6:6 व 7 यांचा क्रम उलटला तर घरात काय घडते?
2. आपल्या मुलाने आपणास शेवटचा प्रश्न कोणता विचारला होता? आपण काय उत्तर दिले?
3. लूक 2:50-51 मधील मरीयेपासून न शिकलेल्या आईने काय शिकावे? शिकलेल्या मुलाने येशूपासून काय शिकावे?
4. आपल्या घरात कोणाच्या हातून पुस्तक काढून घेतले गेले आहे? ते परत कसे देता येईल?

प्रार्थना : हे प्रभू, तू नासरेथच्या घरात आज्ञेत राहून वाढलास. आमच्या घरात आम्हा वडील माणसांना शिकण्याची नम्रता दे, मुलांना विचारण्याचे धैर्य दे, आणि तुझे वचन आमच्या फळीवरून आमच्या मध्ये आण. आमेन.