थेट दान आणि गावाचा विकास

आफ्रिकेतील असो वा मराठवाड्यातील, खेड्याला मदत करताना ‘किती द्यावे’ याआधी ‘कसे द्यावे’ हा प्रश्न येतो. हातपंप बसवला, पण दुरुस्तीची तरतूद केली नाही, तर दान वाया जाते.

पितळखोरे येथील लेण्यात प्रतिष्ठानच्या, म्हणजेच आजच्या पैठणच्या, गंधिक कुळातील मितदेवाने एक स्तंभ दिला. दाता, त्याचे गाव आणि दिलेली वस्तू या तिन्हींची नोंद तेथे कोरलेली आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख याहून पुढे जातो. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणे गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवली. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातूनच वस्त्रे द्यायची. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. हे दान निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदवले गेले.

हे दान संघासाठी असले, तरी त्याची रीत गावालाही लागू पडते. म्हणून दात्याने तीन गोष्टी तपासाव्यात :
१. गरज ग्रामसभेत ठरली आहे काय?
२. निधी स्थानिक संस्थेच्या हाती असून देखभालीची तरतूद आहे काय?
३. हिशेब सर्वांसमोर मांडला जातो काय?

स्वाध्याय : तुमच्या गावातील एखादे दान या तीन कसोट्यांवर तपासा.