जुना गिअरबॉक्स बसवण्यापूर्वी

माझे आजोळ तमिळनाडूतील कुंभकोणमला आहे. व्यंकोजीराजे भोसले यांच्यापासून १८५५ पर्यंत तंजावरला मराठ्यांचे राज्य होते. त्या काळात तिकडे गेलेली अनेक मराठी कुटुंबे आजही त्या भागात राहतात. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ साली कुंभकोणमलाच झाला. माझ्या मामाच्या घरी उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ बोलतात. मामाचा एक जुना सहाचाकी ट्रक आहे. त्यातून गावोगावचे भात गिरणीपर्यंत नेणे हा त्याचा व्यवसाय.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पोहोचलो, तेव्हा ट्रक गॅरेजमध्ये उभा होता. तिसरा गिअर चालता चालता सुटत होता आणि आतून खरखर येत होती. कुरुवै म्हणजे पहिल्या हंगामाचे भात कापून तयार होते आणि ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला होता. भात भिजण्याआधी ते हलवायला हवे होते. नवा गिअरबॉक्स परवडणारा नव्हता, म्हणून मामाने त्याच जातीचा एक वापरलेला गिअरबॉक्स विकत आणला. तो दोन पावसाळे शेडमध्ये तोंड उघडे ठेवून पडून होता. तो धुऊन बसवायचे काम गॅरेजच्या मिस्त्री अण्णांनी चार दिवसांत केले. मी त्यांच्या हाताखाली होतो. तेथे जे शिकलो ते येथे क्रमाने लिहितो.

गिअरबॉक्समध्ये असते काय?

इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टवर येते. खाली काउंटर शाफ्ट आणि वर मेन शाफ्ट असतो. दोन्हींवरचे दातेरी चक्र एकमेकांत अडकलेले असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा सिलेक्टर फोर्क एक स्लीव्ह सरकवतो आणि हवे ते चक्र मेन शाफ्टशी जोडले जाते. जोडण्याआधी दोघांचा वेग सारखा करण्यासाठी पितळेची किंवा कांस्याची सिंक्रो रिंग असते. सिंक्रोमेश प्रथम १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत आला. त्याआधी, आणि बिनसिंक्रोच्या लष्करी ट्रकवर त्यानंतरही, चालकाला क्लच दोनदा दाबून वेग जुळवावा लागत असे.

हे सर्व भाग तेलात फिरतात. दातांमध्ये राहणारा तेलाचा थर केसापेक्षाही पातळ असतो. त्यात वाळूचा कण किंवा लोखंडाचा कीस आला, तर तो सहाणेसारखे काम करतो. म्हणून जुना गिअरबॉक्स न धुता बसवणे म्हणजे नव्या तेलात जुना कचरा कालवणे होय.

पहिले काम: बाहेरून धुणे

मी लगेच पाना घेऊन वरचे कव्हर उघडायला निघालो. अण्णांनी हात धरला. "तंबी, अवसरम वेंडाम," म्हणजे घाई नको. कव्हरच्या कडेला बोटभर माती आणि ग्रीसचा थर होता. कव्हर उचलताच तो सारा आत पडला असता. म्हणून आधी पुढच्या शाफ्टची जागा, स्पीडोमीटर केबलचे भोक आणि ब्रिदर कापडाच्या बोळ्यांनी बंद केले. मग पत्र्याच्या पट्टीने खरवडून, ब्रश आणि डिझेलने बाहेरची बाजू धुतली. यातच एक पूर्ण सकाळ गेली.

धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरावे, पेट्रोल कधीही नाही. पेट्रोलची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. डिझेलनेही हात उलतात, म्हणून हातमोजे घालावेत.

दुसरे काम: जुने तेल वाचणे

खालचा ड्रेन नट काढून तेल ताटात घेतले. अण्णा ते फेकत नाहीत, वाचतात. त्यांनी मला चार गोष्टी दाखवल्या.

तेल काळे असेल तर ते फक्त जुने आहे. ताकासारखे पांढुरके असेल तर आत पाणी शिरले आहे. ड्रेन नटच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा असेल तर ती नेहमीची झीज आहे. पण कडा असलेला तुकडा सापडला, तर तो कोणत्या तरी दाताचा किंवा बेअरिंगचा आहे, आणि तो कोठून आला हे सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. पिवळे चमकणारे कण असतील तर सिंक्रो रिंग झिजत आहे.

आमचे तेल पांढुरके निघाले. तुकडे मात्र नव्हते. ते तेल अण्णांनी पिंपात भरून ठेवले. कुंभकोणमच्या उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार आहे. गटारात ओतलेले तेल शेवटी भाताच्या शेतातच जाते.

तिसरे काम: आतून धुणे

कव्हर काढल्यावर आत काळा चिखल बसलेला दिसला. तो हाताने काढला. मग ड्रेन नट लावून दोन-तीन लिटर डिझेल ओतले आणि पुढचा शाफ्ट हाताने फिरवला. स्लीव्ह सरकवून प्रत्येक गिअर एकेकदा जोडला, म्हणजे दातांच्या मागची घाणही सुटते. डिझेल काढून पुन्हा नवे ओतले. चौथ्या वेळी ते स्वच्छ निघाले. डिझेल भरून इंजिनावर गिअरबॉक्स फिरवण्याचा सोपा मार्ग काही जण सांगतात, पण डिझेलमध्ये वंगण नसल्यासारखेच असते. दात आणि बेअरिंग कोरडे घासले जातात.

येथे काही नियम पाळावे लागतात. सिंक्रो रिंगवर तारेचा ब्रश चालवू नये, तिच्या बारीक खाचाच तिचे काम करतात. धागे सुटणारे कॉटन वेस्ट आत नेऊ नये, धागा तेलाच्या वाटेत अडकतो. आम्ही जुन्या धुतलेल्या वेष्टीचे तुकडे वापरले. हवेच्या दाबाने बेअरिंग वाळवताना ते गरगर फिरवू नये. तेलाविना ते खराब होते आणि फुटून रोलर अंगावर उडू शकतो. क्लचचे रिलीज बेअरिंग तर डिझेलमध्ये बुडवूच नये, कारण त्याचे ग्रीस आत बंद असते आणि ते एकदा धुऊन गेले की पुन्हा भरता येत नाही.

धुतल्यावर प्रत्येक दात बॅटरीच्या उजेडात पाहिला. दोन दातांवर गंजाचा हलका डाग होता, तो पुसला गेला. मागच्या बेअरिंगवर मात्र नखाला लागणारे खड्डे होते. खड्डा पडलेले बेअरिंग धुऊन सुधारत नाही, ते बदललेच. डिझेलने धुतलेले लोखंड उघडे पडते आणि पावसाळी हवेत एका रात्रीत गंजते. म्हणून लगेच सर्वांवर नवे तेल लावले.

माझी चूक

आता जे लिहितो ते लिहायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय हा धडा अपुरा राहील.

कव्हरमध्ये तीन सिलेक्टर दांडे असतात. प्रत्येक दांड्यावर स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी गोळी असते. ती दांड्याच्या खाचेत बसते, म्हणून गिअर जागेवर राहतो. अण्णांनी बजावले होते की दांडे ओढायचे नाहीत आणि डब्याच्या तोंडावर नेहमी कापड हवे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चहाला गेले. मी कापड बाजूला करून कव्हर डब्याच्या काठावरच टेकवले आणि आतली रचना पाहण्यासाठी एक दांडा ओढला. टक् असा आवाज झाला आणि गोळी नाहीशी झाली.

मी जमिनीवर शोधले, सापडली नाही. कपाटातल्या डब्यात तशाच गोळ्या होत्या. त्यातली एक बसवून मी दांडा परत लावला. अण्णांनी आल्यावर कव्हर बसवले. कोणालाही काही कळले नाही.

रात्री जेवताना मामा हिशेब सांगत होता. ट्रक आणखी दोन दिवस थांबला तर हप्ता चुकणार होता. एका शेतकऱ्याचे भात ताडपत्रीखाली भिजत होते. मला घास गिळेना. गोळी जमिनीवर नव्हती, तर ती कोठे असणार हे मला माहीत होते. चालत्या गिअरबॉक्समध्ये ती दोन दातांच्या मध्ये सापडली तर दात तुटेल किंवा शाफ्टच अडकेल. तसे झाले तर मागची चाके जाम होतात. चालकाने क्लच दाबूनही उपयोग नाही, कारण अडकलेली जागा क्लचच्या मागे, चाकांच्या बाजूला असते. पाठीवर नऊ-दहा टन भात आणि चालक माझा मामा.

सकाळी उठून मी मामाला सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "चल, अण्णांना तूच सांग." अण्णांनी ऐकून घेतले, पाना उचलला आणि कव्हरचे सगळे बोल्ट पुन्हा सोडले. काठीला बांधलेले लोहचुंबक तळाशी फिरवल्यावर रिव्हर्सच्या चक्रामागून गोळी निघाली. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. वाटाण्याहून थोडी मोठी होती. रागावले नाहीत, पण त्या दिवशी मला पान्याला हात लावू दिला नाही. अर्धा दिवस वाया गेला होता.

शेवटचे काम: बसवणे

जुने पॅकिंग खरवडताना डबा झाकला. पृष्ठभागावर ओरखडा राहू दिला नाही. नवे पॅकिंग आणि नवी ऑइल सील लावली, सीलच्या ओठाला आधी तेल लावले. ब्रिदर तारेने मोकळा केला. तो बुजलेला असेल तर गरम झालेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते, आणि माणसे सीलला दोष देतात. पुढच्या शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा फक्त हात लावला, जास्त झाले तर ते क्लच प्लेटवर उडते. गिअरबॉक्स चेन पुलीने उचलून सरळ रेषेत आत घेतला. त्याचे वजन शाफ्टवर लटकू दिले तर क्लच प्लेट वाकते.

तेल उत्पादकाच्या पुस्तकात सांगितलेल्याच दर्जाचे घेतले. जास्त तीव्र रसायनांचे तेल नेहमी चांगले असे नाही. काही तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळी रिंगला खातात. सपाट जमिनीवर उभे करून लेव्हलच्या भोकापर्यंत तेल भरले. पाचशे किलोमीटरनंतर ते काढून पुन्हा नवे भरायचे, कारण कोपऱ्यात राहिलेली घाण तोपर्यंत सुटून येते.

कुंभकोणमजवळ स्वामिमलै येथे मेणाच्या साच्यातून कांस्यमूर्ती ओततात. साच्यासाठी कावेरीची बारीक गाळमाती घेतात. धातू ओतल्यावर आतले काही बदलता येत नाही, म्हणून सारी काळजी आधीच घ्यावी लागते. गिअरबॉक्सचेही तसेच आहे. कव्हर बंद झाल्यावर आत काय आहे हे फक्त बंद करणाऱ्याला माहीत असते.

शाळेत आपण रायफल साफ करतो. नळीतून चिंधी ओढतो आणि उस्ताद नळीला डोळा लावून पाहतात. मला पूर्वी वाटे की तपासणी उस्तादांसाठी असते. गिअरबॉक्समध्ये डोळा लावून पाहणारा कोणी नसतो.

ट्रक पाचव्या दिवशी भात आणायला गेला. पाचशे किलोमीटरनंतरच्या तेलात काय निघाले, हे मामाने मला पत्राने कळवले. चुंबकावर राखाडी लगदा होता, तुकडा एकही नव्हता.